नाकासमोर

माझे वडील, एक्स्पेदी होआरो.
रेयुनियाँ बेटावर, माइदोच्या चढणीला,
जिथे दुपारी दोनलाच धुकं दारात येऊन बसतं,
तिथे त्यांची तांब्याची भट्टी.

भट्टीत जिरॅनियम.
फुलं नव्हेत, पानं. वास असतो तो पानांना,
हे ते प्रत्येक पर्यटकाला सांगतात
आणि पर्यटक वाकून फूलच हुंगतो.

सहाशे किलो पाला, लिटरभर तेल,
आणि विळा धरून धरून पिवळी पडलेली बोटं.

घरात त्या तेलाला औषध कुणी म्हणत नसे.
मिठासारखं होतं ते, फळीवर, हाताशी.
फरशीच्या बादलीत दोन थेंब,
कोंबड्यांच्या खुराड्यात चार,
उवा झाल्या की कंगव्याला.
खोबरेलात मिसळल्याशिवाय अंगाला लावायचं नाही,
नियम एवढा एकच.
भाऊ फौजेत गेला त्या रात्री
आईने त्याच्या रिकाम्या उशीला एक थेंब लावला.
मी दारातून पाहिलं. तिने मला पाहिलं नाही.

शुक्रवारी सें-पोलच्या बाजारात
मी नमुन्याच्या बाटल्यांचा घोळ केला.
हॉटेलवाल्या बाईने विचारलं, यंदाचं कसं आहे, मस्यू होआरो?
त्यांनी बूच काढलं, बाटली नाकाशी नेली,
नेहमीसारखे डोळे मिटले.
"गुलाबाच्या अंगाचं. शेवटाला किंचित पुदिना.
दहा वर्षांत असं उतरलं नव्हतं."

बाटलीत निलगिरी होती.
मला दोन हातांवरून झोंबत होती.

गावात त्यांना म्हणतात, नाकासमोर चालणारा माणूस.

परतताना गाडीत मी वळणं मोजत राहिले.
अकराव्या वळणावर ते म्हणाले,
"सात वर्षं झाली. त्या तापात गेलं."
मग भट्टी?
"कानाने. वाफ भरली की नळी आधी खोकते, मग गुणगुणते.
पाण्यावर पडणारा थेंब वेगळा वाजतो, तेलावर पडणारा वेगळा.
मुकी झाली की विस्तव ओढायचा."
आणि आई?
"ती सांगायची मला, कसं आहे ते.
ती गेल्यापासून अंदाजाने बोलतो."

आईला जाऊन तीन वर्षं झाली होती.
तीन वर्षं हा माणूस
तिचीच जुनी वाक्यं बाजारात विकत होता.

मी खाली वृद्धाश्रमात रात्रपाळी करते.
मादाम ग्रोंदँच्या उशाशी कापसावर एक थेंब ठेवते.
झोप येतेच असं नाही.
पण ती विचारते, गवत कुणी कापलं गं?
ज्या बाईला स्वतःच्या लेकाचं नाव आठवत नाही,
तिला कुणीतरी गवत कापलंय हे कळतं.
मी म्हणते, मी कापलं. मग ती गप्प पडून राहते.

रविवारी वर जाते.
पहिली धार काचेत धरून ते माझ्या नाकाखाली आणतात.
"बोल."
हिरवट, मी म्हणते. उग्र नाही.
"पुढे?"
लिंबाची साल नखाने सोलल्यासारखं.
"ते कुणीही सांगेल. पुढे?"
किती थोडे शब्द असतात वासाला!
दरवळ, घमघमाट, कुबट, खवट, करपट,
आणि एवढ्यावर शिदोरी संपते.
मग मी म्हणते, इस्त्री उचलल्यावर कापडातून येते तशी वाफ.
म्हणते, उवांचा कंगवा. आईची मांडी.
मान खाली घालायला लावणारा तिचा हात.
"हां," ते म्हणतात. "तेच."
आणि डोळे मिटतात. या वेळी कुणी गिऱ्हाईक नसतं समोर.

परवा मला सर्दी होती. नाक पार बंद.
त्यांनी काच पुढे केली, मी हुंगलं,
म्हटलं, छान उतरलंय, मागच्यापेक्षा गोडसर.

ते माझ्याकडे बघत राहिले थोडा वेळ.
मग खाली वाकून नळीला कान लावला.
"अजून नाही," म्हणाले,
आणि आणखी एक लाकूड आत सारलं.