राखून ठेवलेला निकाल

फ्योर्डच्या तोंडाशी एक बोया तरंगतो, नंबर सतरा.
लाटेची उंची, पाण्याची थंडी, वाऱ्याचा रोख
दर वीस मिनिटांनी सांगतो, एका बॅटरीच्या जिवावर.
डोंगरावरच्या माझ्या रिसीव्हरपर्यंत पोचेतो
ते बोलणं इतकं झिजलेलं असतं
की कुजबुज कुठे संपली
आणि नुसती खरखर कुठे सुरू झाली, कळत नाही.

गेल्या हिवाळ्यापर्यंत यंत्र एकेका ठोक्याला दटावायचं:
तळ्यात की मळ्यात?
रेघेच्या वर तर एक, खाली तर शून्य, चला पुढे.
रेघ खाली घेतली की वाराच बोलायला लागायचा,
धक्क्यावरून फोन यायचे:
"सोलरून, आज म्हणे बावीस मीटरची लाट?"
वर नेली की सतरा नंबर मुका.
एकदा ध चा मा झाला.
एइनार शांत समुद्र समजून बाहेर पडला.
परतला तो. पण तीन दिवस माझ्याशी बोलला नाही.

बाबा चाळीस वर्षं हेरिंगच्या बोटींवर वायरलेसला होते.
आता डावा कान गेलाय, उजवा निम्मा.
त्या रविवारी मी काहीतरी सांगत होते,
ते पावाला लोणी लावता लावता थांबले, सुरी हवेत,
चेहऱ्यावर ना हो, ना नाही.
मग म्हणाले, "आधी वाटलं दार. किंवा दोर.
दोन्ही धरून ठेवले.
'ओला' म्हणालीस, तेव्हा दार सोडून दिलं."

त्या रात्री मी रेघ पुसली.
आता यंत्र लिहितं: बहुधा एक.
लिहितं: शून्य असावा, पण शपथ घेणार नाही.
आणि हा संशय, न घासता न पुसता, पुढच्या हाती देतं,
जिथे अख्खं वाक्य मिळून शब्द ठरवतं.
समोरच्या कड्यावर आपटून उशिरा येणारे पडसादही
पूर्वी कचरा म्हणून फेकायचे मी.
आता त्यांच्यासाठी थांबते, एकावर एक नीट बसवते.
सतरा नंबर तेच पुन्हा सांगत असतो;
वारा एकच गोष्ट दोनदा सांगत नाही.

काही रात्री तेही पुरत नाही.
मग तक्त्यातला रकाना मी कोरा सोडते.
पहाटे एइनार येतो, हातमोजे न काढता
त्या कोऱ्या रकान्यावर बोट टेकवतो,
आणि होडी बांधलेलीच ठेवतो.