शंभर टक्के सारखे

फोन म्हणते, जागा नाही.
पोषणाचं अ‍ॅप उघडता उघडता बंद होते,
तापातलं लेकरू डोळे उघडून पुन्हा मिटून घेते तसं.
मॅडमचा निरोप आला: नवीन व्हर्जन उद्याच्या उद्या.

दिवसभर चुरण्यावर राबून घरचे झोपले.
मी चुलीच्या इंगळापाशी बसली
न् पुतण्यानं दाखवलं होतं ते बटण दाबलं:
सारखे फोटो शोधा.

मेढीभोवतीच्या बैलासारखं
ते गोल किती वेळ फिरत राहिलं.
मंग म्हणालं: चारशे बारा जोड्या.

माझ्या अंगणवाडीत लेकरं सव्वीस.

पण एक फोटो कधी पुरला, सांगा.
पहिल्यात मनस्वीनं डोळे मिटले,
दुसऱ्यात कौतिकाबाईचं बोट आलं.
तिसरा बरा निघाला तर रेंज गेली.
बोडीच्या पाळीवर चढून पाठवला, गेला की नाही कळेना,
म्हणून परत येऊन चौथा,
तोवर अर्धे पोट्टे हात धुवून मोकळे.

फोन दर जोडीत एकाले चांदणी लावते: सर्वोत्तम.
डोळे उघडे, उजेड समोरून, सगळं कसं जागच्या जागी.
शंभर-दीडशे वेळा मी त्याचं ऐकलं.
बोटं गेली, अर्धी कपाळं गेली,
रिकाम्या वजनकाट्याचे सात फोटो गेले.

मंग लोकेश आला.
एका फोटोत बसलेला, चांदणीवाला.
दुसऱ्यात नुसता निळ्या बंडीचा धूर.
फोन म्हणते: फोटो हललेला आहे, काढू का?
अरे बाप्पा,
हा पोट्टा पावणेदोन वर्षं हलत नव्हता.
ठेवला तिथं राहे,
नाकावर माशी बसली तरी हात उचलत नव्हता.
चांदणीवाला काढला.
धूर ठेवला.

पुष्पकला मडावीच्या जुळ्या पोरींपाशी फोन पुन्हा अडला.
ही एकच व्यक्ती आहे का?
नाही.
पुढच्या फोटोवर पुन्हा: एकच का?
नाही रे.
परी साडेनऊ किलो, प्राची आठ-दोनशे.
परी घास गिळते. प्राची गालात धरून बसते
न् दाराकडं पाहते, माय आली का म्हणून.
पाच वेळा विचारलं त्यानं.
पाचव्या वेळी मी जरा जोरात दाबलं.

शेवटी शेवटी खिचडी.
पिवळी थाळी, पिवळी थाळी, पिवळी थाळी.
मले सगळ्या सारख्याच दिसत होत्या,
फोनले त्यातही फरक कळते,
कडीपत्त्याच्या पानावरून की काय, देव जाणे.
पण एका जोडीवर लिहून आलं: शंभर टक्के सारखे.
तारखा मात्र दोन. नऊ न् दहा.

पाहिल्याबरोबर समजलं मले.
दहाले तांदूळ आले नव्हते.
ग्रुपवर साडेबाराच्या आत फोटो पाहिजे होता,
म्हणून नऊचीच थाळी दहाले पाठवली.
वरतून मॅडमचा अंगठा आला.
लेकरायले मी घरचे मुरमुरे वाटले,
कौतिकाबाईनं तिच्या झाडाचे पेरू आणले,
उंबरठ्यावर बसून चिरले, एकाले एक फोड.
मनस्वीनं बिया थुंकल्या न् मोजल्या.
त्याचा फोटो नाही.

कोणता ठेवू, विचारते फोन.
चांदणी नऊवर आहे.
दहावर लावली असती तरी काय बिघडत होतं,
थाळी तीच, शीत न् शीत तेच.

दहावर बोट ठेवलं.
नक्की काढायचा?
त्या दिवशी पाठवताना कोणी असं विचारलं नव्हतं.
हो म्हटलं.
तीस दिवस कचरापेटीत राहील, म्हणते,
मंग आपोआप जाईल.

इंगळावर राख धरली.
अ‍ॅप उतरायले लागलं,
अकरा टक्के, अकरा टक्के, बारा.
मंगळवारी प्राचीचं वजन आहे.