ऑर्डर : पाना, एक नग

हत्तुरेंच्या गोडाऊनमध्ये, सरकीच्या पोत्यांमागे
उभी होती मोटार, एकोणीसशे तेवीसची,
लाकडी आऱ्यांची, हँडल मारून जागी करायची.
सीटखाली कॅनव्हासची गुंडाळी निघाली:
सात कप्पे, सहा हत्यारं.
सातव्यात नुसता गंज,
पान्याच्याच आकाराचा,
जबडा, मान, दांडीच्या टोकाचं भोकसुद्धा.
उठून गेलेल्या माणसाचं
अंथरूण तसंच राहावं, तसा.

आयटीआयमध्ये एकतीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं मी.
लोखंड मोजलं, लाकूड मोजलं,
गंज मोजायची पाळी पहिल्यांदाच आली.
ट्रेसिंग पेपर ठेवला, पेन्सिलीला टोक काढलं.
पण गंजाला कड नसते,
तो कापडात सरकत सरकत जातो.
बाहेरची रेघ खरी की आतली?
मी मधली धरली.
या उत्तराला पोरांना मी शून्य दिलं असतं.

अक्कलकोट रोडला राजेशाम बोद्दुल
यंत्रमागांचे सुटे भाग करतो.
चैत्रातली दुपार, पत्र्याखाली भट्टी,
आणि तो चहा गरमच पितो.
कागद उजेडात धरून म्हणाला,
“मान वाकडी काढलाव की मॅडम.”
वाकडीच हवी. पंधरा अंश.
चाकापाशी हात फिरायला जागा नाही,
थोडं फिरवायचं, पाना पालथा घालायचा,
की पुढचा घास मिळतो.
त्यानं हवेतच मनगट पालथं करून पाहिलं.
दोनदा.
“कोण तर डोकंवाला होता.”
मग विचारलं, किती नग?
एक.
“एका नगाला भट्टी पेटवू होय?
शंभर करू की, गड्ड्यात मांडून विकू!”

अकराव्या दिवशी पाना आला,
टॉवेलच्या चिंधीत, तेलात न्हालेला,
ट्रकच्या जुन्या पाट्याचं पोलाद.
कप्प्यात सरकवला. डागावर डाग बसला तसा बसला.
हत्तुरेंनी पेढे मागवले.

आणि चाकावर घसरला.

पाना हरवल्यापासून त्या नटाला
कुणी छिन्नी लावली होती, कुणी पक्कड,
एका बाजूला तर सरळ दगडाचे घाव.
कोपरे उरलेच नव्हते.
मी गोडाऊनच्या फरशीवर बसले, कानस घेतली,
सहाही बाजू पुन्हा सपाट केल्या, केस केस करत.
संध्याकाळी तो नट स्वच्छ षट्कोनी झाला
आणि सव्वा मिलिमीटरनं बारीक.

कागदावर खाली चौकट आखली:
सुधारणा क्रमांक एक.
जबडा कमी केला, तारीख टाकली, सही केली.
‘कारण’ या रकान्यापाशी मात्र बराच वेळ थांबले.
शेवटी लिहिलं: वापर.

दुसरा पाना पहिल्याच झटक्याला धरला.
नट कुरकुरला, मग फिरला,
आतलं ग्रीस काळं, काकवीसारखं घट्ट,
त्यात अडकलेली एक मुंगी, कधीची कोण जाणे.

हा दुसरा कप्प्यात ठेवला तर
गंजाची एक रेघ बाहेर डोकावते.
हत्तुरे बिल हातात धरून विचारत होते,
पाना एक सांगितला, मग दोन कसले?
राजेशामनं शाईच्या पेनानं, तेलकट बोटांनी
सरळ मांडून दिलं होतं:
पाना एक, कापडाचा.
पाना एक, मोटारीचा.