एक्याण्णव हजार सहाशे चार

शिरोली नाक्याच्या अलीकडं, दस्तगीर मुजावरच्या पत्र्याखाली
दोन गाड्या उभ्या होत्या, हायवेकडं तोंड करून.
पांढरी : एकोणीस हजार.
चंदेरी : एक्याण्णव हजार सहाशे चार.
मी आधी आकडाच वाचतो. सवय.
तीस वर्षं मीटर वाचले, मंगळवार पेठेपासून फुलेवाडीपर्यंत.
कुत्री ओळखायची मला, माणसं नाही.

पांढरी ताराबाई पार्कातल्या डॉक्टरीणबाईंची.
त्या लेकीकडं कॅनडाला गेल्या, गाडी कव्हरखाली राहिली,
चार्जरला लावून, काठोकाठ भरलेली.
"कोरी हाय काका, सीटचं प्लॅस्टिकबी निघालं न्हाई."
दस्तगीरच्या पोरानं मोबाईल जोडला :
बॅटरीचं आरोग्य सत्त्याऐंशी टक्के.
म्हणजे जाग्यावर बसून तेरा गेले.
असे मीटर मी पाहिलेत,
कुलपाआड आपले आपण सावकाश फिरणारे,
ज्यांच्यापुढं मी शेरा मारायचो : घर बंद.

चंदेरी साड्यांच्या एजंटाची.
निपाणी, मुरगूड, गारगोटी, रोजचं रतीब.
दार उघडलं तसा तंबाखूचा वास आला,
मागच्या सीटवर गाठोड्यांनी खड्डा पाडलेला.
पण बॅटरी गेल्या दिवाळीत कंपनीनं फुकट बदलली,
कागद होता : अठ्ठ्याण्णव.
हमीची तारीख मात्र जुन्या गाडीचीच धरणार,
हे खाली बारीक अक्षरात.
चष्मा काढून, पुसून, परत लावून वाचलं.

दोन्हीचे सीटबेल्ट टोकापर्यंत ओढले.
पुराचा गाळ तिथं लपतो,
धुणाऱ्याचा हात तिथवर जात नाही.
पांढरीत काही नव्हतं.
चंदेरीतून एक हेअरपिन पडली, लहान मुलीची, फुलपाखराची.
दस्तगीरनं उचलून खिशात घातली,
"देतो त्यास्नी."

प्रमिला तोवर गप्पच होती.
बावीस वर्षं एसटीत कंडक्टर, गगनबावडा गाडीवर.
तिला किलोमीटर कळत नाहीत, टप्पे कळतात :
बालिंगा, कळे, साळवण, असळज.
ते टप्पे तिनं उभ्यानं केले, पोटाशी तिकिटांची पेटी.
किती झाले ते कुठल्या काचेवर दिसत नाही,
जिना उतरताना दिसतं.
आता तिला एकदा बसून जायचंय गगनबावड्याला,
खिडकीशी,
आणि कुणाला सुट्टे मागायचे नाहीत.
म्हणून तर हा सगळा उद्योग.

मी हिशोब मांडला. पंचावन्न जायचे, पंचावन्न यायचे,
वर चढ, वर धुकं, वायपर, काचेवरची हवा.
पांढरी भागवेल.
चंदेरी भागवून उरेल,
पण तिचे शॉक, बुश, चार टायर, पन्नास हजार तरी धरा.
ती पावणेसहाला, पांढरी साडेसातला.
तरी मी पांढरीकडं झुकलो होतो.
खरं सांगायचं तर प्लॅस्टिकमुळं.
आयुष्यात पहिल्यांदा कुणी न बसलेल्या सीटवर
बसायला मिळत होतं.

"डेपोत उभी गाडी आधी मरायची," ती म्हणाली,
"आन तुम्ही प्लॅस्टिक बघालाय."

"वहिनी, लई चाललीया ओ ती," दस्तगीर हसला.
एवढी सचोटी मला धंद्यात अपेक्षित नव्हती.

"मीबी," ती म्हणाली
आणि चंदेरीचं दार उघडून आत बसली,
आधी गुडघे, मग आपण.

"एक चक्कर मारून येतो," मी म्हणालो.
अजून काही ठरलं नव्हतं, इसारा खिशातच होता.
ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं.
तिनं डॅशबोर्डवर बोटाच्या पेरानं
दोनदा टकटक केलं,
दोरी ओढावी तसं.

आवाज झालाच नाही. मला वाटलं बंदच आहे.
मग पत्र्याची सावली बॉनेटवरून मागं सरकली
आणि तावडे हॉटेलापाशी
चाराचा पाच झाला.