जीन

धरणगावात कुणी विचारलं, माय कुठंय,
तर मी म्हणायचो, जीनवर.

परवा कोशात सापडला तो शब्द.
आधी एंजिन होता. सरकीसारखं 'एं' बाजूला पडलं,
जिन उरलं.
त्याच्याही मागं, लॅटिनमध्ये,
नुसतीच उपजत हुशारी.

आमची कौतिकबाई, हजेरी नंबर एकोणीस,
नाकाला पदर बांधून कपाशी लोटायची.
रोलरचा सूर जरा फिरला की
फिटरच्या आधी तिला कळायचं
खडा कुठं अडकलाय.

फोनवर वाचून दाखवला सगळा अर्थ.
"मंग हुशार कोन व्हतं? मशीन का बाया?"
म्हणाली, आणि खोकत राहिली.

कोशात वापराचं उदाहरण नव्हतं.
समासात पेन्सिलीनं लिहिलं:
माय जीनवर गेलीय.