डावा कोपरा

हर्णैच्या बंदरात लिलाव सुरू झाला
की मला धर्मा पावसेची ती चढाई आठवते.
टोपलीतली पापलेटं तेवढीच असतात,
आकडा मात्र चढत जातो.

त्या रात्री त्याने चौघांना बाद केलं.
मी मोजले होते, कारण उरलेल्यांत मी होतो.
पुढच्या शिमग्यापर्यंत त्यांचे पाच झाले,
पाजेत एका हळदीच्या रात्री सहा,
आणि परवा बर्फाच्या कारखान्यापाशी एक पोरगा,
ज्याचा बाप तेव्हा शेंबूड पुसत होता,
गळ्याची शपथ घेऊन सांगत होता :
अख्खी बुरोंडी! सातच्या सात! एका दमात!
मी काही बोललो नाही.
माझ्याच मरणाची बातमी ऐकावी
तसा चहा संपवला.

गुडघ्याचंही तेच.
इकबाल परकारच्या टपरीवर म्हणतात,
मैदानात कुणीतरी रात्री कालवाची शिंपी पुरली होती,
धार वर करून.
वरच्या आळीत म्हणतात, राखणदाराचा नारळ राहिला त्या साली;
ज्याने द्यायचा तो दापोलीला सिनेमाला गेला.
पेडणेकर मास्तर, सामन्याचे पंच,
अगदी शेवटच्या आजारपणातही सांगत होते
की पहिल्या रांगेत सफारीवाला एक माणूस होता,
रेल्वेच्या संघात एकच जागा होती,
आणि मुंबईच्या कुणाला तरी ती हवी होती.

तो सफारीवाला माझा मामा.
लग्नाहून थेट आला होता.

आणि मग मी.
पाजेत म्हणतात, बुरोंडीच्या डाव्या कोपऱ्याने
पाय मोडायचे दोनशे घेतले.
बुरोंडीत म्हणतात,
पाय सोडायचे दोनशे घेतले.
दोन्ही गावांचे मिळून चारशे रुपये
अजून यायचे आहेत मला.

झालं ते एवढंच :
मध्यरेषा त्याच्यापासून दोन हातांवर होती.
चार गुण झाले होते, निघून जायला हवं होतं.
पण त्याला मी दिसलो, वाकलेला,
आणि जाता जाता त्याने मागे लाथ झाडली,
जशी आपण उगाच
दाराची कडी वाजवतो.
मी घोटा धरला. शिकवला होता तसा,
बोटांत बोटं अडकवून.
आणि आतून आवाज आला,
सुका बोंबील मोडावा तसा.
ढोल वाजत होते, गॅसबत्त्या सूं सूं करत होत्या,
तो आवाज फक्त दोघांना ऐकू आला.

त्याचा दम तुटला नाही.
कबड्डी कबड्डीच्या मध्ये कुठेतरी
‘आई’ असं येऊन गेलं का,
मास्तरांनी विचारलं असतं
तर मी नाही म्हटलं असतं.
कुणी विचारलं नाही.
तो कोपरांवर सरकत होता,
मोडका पाय माझ्या हातात,
आणि मग तो माझ्या हातात नव्हता.
सोडला की सुटला,
हे मी इतक्या रात्री उलटसुलट करून पाहिलंय
की आता दोन्ही खरं वाटतं.
त्याची दोन बोटं रेषेपलीकडच्या मातीत रुतली.
मास्तरांची शिट्टी.
नंतर लोक त्याला खांद्यावर घ्यायला धावले
आणि तो पहिल्यांदा ओरडला.

आता तो बर्फ फोडायच्या यंत्रापाशी बसतो,
एक पाय सरळ, वल्ह्यासारखा.
मी टोपली पुढे करतो.
‘किती रं झाले आता?’
‘सात.’
तो एक फावडं जास्त टाकतो.
‘मंग संपले की गडी. पुढल्या साली
मास्तरांना बाद करतील.’
हसतो. मीही हसतो.
दोनशेचं त्याने कधी विचारलं नाही.

दुपारी यंत्र बंद झालं की उठायला
तो हात वर करतो, न बघता,
समोर जो असेल त्याच्याकडे.
बहुतेक वेळा मी असतो.
मी धरतो.
कधी सोडायचं,
ते त्यानेच सांगायचं.