सत्त्याऐंशी ते एक्क्याण्णव

कृष्णपुऱ्याच्या पुलाखालून आणला होता गाळ,
श्रीखंडाच्या जुन्या डब्यात.
शर्वाणी म्हणाली, आधी डब्यावर नाव लिही,
नाहीतर कुणीतरी फ्रिज उघडून चमचा घालेल.

त्या गाळातला एक जीवाणू, त्याच्यातलं एक प्रथिन:
एकशे बावीस मणी एका धाग्यात,
धागा आपणहून गुंडाळलेला,
मध्ये पाच पट्ट्या, भोवती पाच वेटोळी.
काम एवढंच:
दारावरचा एक फॉस्फेट हातात ठेवतो,
तो घ्यायचा आणि वळायचं.
नदीत साबण वाढला की प्राणवायू सरला
ते दारावरच्याला ठाऊक.
ह्याला फक्त वळणं ठाऊक.

दोन वर्षं स्फटिक धरला नाही.
मीठ बदललं, आम्लता बदलली,
अठरा अंशांची खोली, वीज गेली की चौतिसांची.
कधी साका, कधी साय, कधी नुसतं स्वच्छ पाणी.
ते सगळ्यात वाईट. त्याने आशाही मोडत नाही.
मग जूनमध्ये, फेकायला काढलेल्या प्लेटमध्ये,
डी-सातच्या खणात,
रव्याच्या कणाहून बारीक,
पण कडा असलेला.
शर्वाणीने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही.
"श्वास घेऊ नकोस," म्हणाली.
मला की त्याला, कळलं नाही.

सुखनिवासच्या बाजूला, केंद्राच्या आवारात
रात्रीसुद्धा मोर ओरडतात.
आत वर्तुळात इलेक्ट्रॉन धावतात,
वळताना प्रकाश सांडतात.
वळल्याशिवाय उजेड नाही, असं रूपसिंग चौहान म्हणतो,
रात्रपाळीचा माणूस,
आणि थर्मासचं झाकण फिरवतो.

नायट्रोजनच्या वाफेत, केसाएवढ्या फासात
उचलला स्फटिक.
पावणेतीनला पहिला ठिपका. मग ठिपकेच ठिपके,
रांगोळीच्या भोकं पाडलेल्या कागदासारखे.
कोण किती तेजाळ, ते मोजता येतं.
लाट कुठल्या पावलावर होती, ते नाही.
पत्र मिळतं, पोस्टाचा शिक्का पुसलेला.
शिक्का उसना आणावा लागतो
आधीच उलगडलेल्या कुणा चुलत प्रथिनाकडून.

सोमवारी नकाशा आला. निळ्या जाळीत
मणी ओवत बसले.
एका घरात दोघे निघाले.
पाठीला पाठ,
साचा तोच, मीठ तेच, थंडी तीच.
दोघांच्याही हातात निरोप
(खरा फॉस्फेट टिकत नाही,
म्हणून बेरिलियमचं सोंग ठेवलेलं).
पहिल्याचा टायरोसिन आत वळलेला,
दार लावून घेतल्यासारखा.
दुसऱ्याचा अजून बाहेरच.
निरोप हातात, नजर रस्त्यावर.

मी पुन्हापुन्हा फिरवून पाहिलं.
सर म्हणाले, शेजाऱ्याचा दाब असेल,
स्फटिकात दाटी फार.
असेल.
शर्वाणीला मेलबर्नची नोकरी लागल्याचं पत्र
तीन आठवड्यांपूर्वी प्रिंटरवर पडलं होतं.
मी ते वाचलं, पालथं ठेवलं,
आणि रोज तिच्याशेजारी बसून
प्लेटी मोजत राहिले.

दुसऱ्या साखळीत सत्त्याऐंशी ते एक्क्याण्णव
जाळीच नाही.
ते पाच मणी गोठवतानाही हलत होते,
म्हणून कुठेच दिसत नाहीत.
सर म्हणाले, घाल की अंदाजाने, वळण तर उघड आहे.
शर्वाणी म्हणाली, तू ठरव.
मी ते खोडले.
फाइलमध्ये साखळी शहाऐंशीवर थांबते,
ब्याण्णववर पुन्हा सुरू होते,
मध्ये तुटक रेघ.

रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस घेताना
ती म्हणाली, ऐक ना, एक सांगायचंय.
दोन्ही हातांत गरम द्रोण.
मी वळले,
कीसवाल्याकडे,
लिंबू मागायला.